तारेचा पीळ

त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. धामणगाव बढ्याहून वांग्यांची डालगी भरून मी नांदुऱ्याला पोचलो, तेव्हा पिकअपच्या मागच्या चाकांतून जळका वास येत होता. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो म्हणून चार दिवसांपूर्वीच मी ड्रायव्हरला काढलं होतं. आता मी स्वतः चालवत होतो, तरी वास तोच. मिस्त्रीला मी हे सगळं सांगितलं.

तो माणसाकडे बघत नसे, चाकाकडे बघून बोले. त्यानं चाकाच्या ब्रेक-ड्रमवर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं.

"रिकामी असली का तापते?"

"नाही."

"मंग डालगे उतरवा."

डालगी उतरल्यावर गाडी एका हातानं ढकलली गेली. तो खाली शिरला.

"हँडब्रेकची केबल तारेनं चेसिसले बांधली कोनंतरी. माल भरला का गाडी दबते, केबल ताणते, न ब्रेक लागून राह्यते. त्या ड्रायव्हरच्या पायाचा काय दोष? कोनं बांधली?"

केबल खडखडते म्हणून मीच बांधली होती. ड्रायव्हर नको म्हणत होता.

"त्यानंच," मी म्हणालो.

त्यानं तार कापली आणि तिचा पीळ बघितला. मग डालग्यांच्या तोंडांना मी मारलेल्या तारांचे पीळ बघितले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघत त्यानं तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"घ्या भाऊ, तुमची हाये."