ज्याचा डाग त्याची थुंकी

मला बाहुल्यांची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा मनात काही धरून बोलतोय असं पुढं कुणी म्हणायला नको. एकतीस वर्षं मी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो. हॉटेलांची स्वयंपाकघरं, खाटकांचे ओटे, बर्फाचे कारखाने, वसतिगृहांच्या पाण्याच्या टाक्या, सगळ्यांची झाकणं मी उघडून पाहिली आहेत. पिठाच्या पिंपात मेलेली पाल सापडली, तेव्हा शेजारच्याच टेबलावर बसून मी पंचनामा लिहिला आणि माझं अक्षर हललं नाही. पण आमच्या मधल्या खोलीतल्या कपाटासमोर उभा राहिलो की अजूनही नाकाला रुमाल लावतो.

त्या कपाटात आमच्या हिच्या बाहुल्या आहेत. त्रेसष्ट होत्या, आता बावन्न आहेत.

बाईला बाहुल्यांचा नाद म्हटला की लोक लगेच मान तिरकी करून हळहळतात, मूलबाळ नसेल बिचारीला. आहे. चांगला पावणेसहा फुटांचा मुलगा आहे, दुसऱ्या गावी पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि फोनवर आईला विचारतो, "काय, लोकसंख्या किती झाली?" दुःखबिख काही नाही. हिला बाहुल्या आवडतात, एवढंच. आणि त्याही कशा, तर फुटक्या. धड बाहुली हिला परवडत नाही.

ही टेलरमास्तरांच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसते. काज, बटणं, उसवलेल्या शिवणी, आणि मुख्य म्हणजे चेन बदलणं. पँटची, दप्तराची, जॅकेटची. बावीस वर्षं. घर माझ्या पगारावर आणि नंतर पेन्शनवर चाललं; दुकानाचे पैसे हिचे. हिचे म्हणजे म्हणायला हिचे. पोराचा कोर्स त्यातून झाला, गळकं छत त्यातून झालं, माझी कवळीसुद्धा त्यातूनच. उरेल त्यावर हिनं एक नियम बसवला होता: एका बाहुलीला एका चेनीची मजुरी. त्याच्यावर एक पैसा नाही.

त्यामुळं खरेदी भंगारवाल्याकडं. मी एकदा बरोबर गेलो आणि कानाला खडा लावला. ढिगात हात घालायचा, पाय धरून बाहुली उपसायची, उलटी टांगायची आणि दोष वाचून दाखवायचे. "नाक उडालंय. एक डोळा मिटत नाही. पोटात काहीतरी वाजतंय."

"बाई, घेताय की पोस्टमॉर्टेम करताय?" भंगारवाला म्हणाला.

"पोटात वाजतंय त्याचे पैसे देणार नाही."

पोटात वाजत होतं ते वाळलेलं झुरळ होतं, अंड्याच्या पिशवीसकट. हिनं ते घरी आणून, ज्या टेबलावर आम्ही जेवतो त्या टेबलावर पेपर पसरून, भुवयांच्या चिमट्यानं बाहेर काढलं. "बघा, अख्खं निघालं," असं म्हणाली. जशी काही मी शाबासकी देणार होतो!

बाहुल्यांना वास असतो हे किती जणांना माहीत आहे? जुन्या प्लास्टिकला घाम फुटतो. ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून एक मऊ कातडं तयार होतं. केसांना जुन्या उशीचा वास येतो. बोटं पोरांनी चावून चावून चघळलेल्या पेन्सिलीसारखी झालेली असतात. एकदा सकाळी माझ्या कंगव्यात पिवळे केस निघाले. माझ्या डोक्यावर केसच नाहीत म्हणण्यासारखे, आणि आहेत ते पांढरे. मी कंगवा कचऱ्यात टाकला. हिनं तो परत काढला आणि बाहुल्यांसाठी ठेवला.

पण कळस केला तो थुंकीनं. एका दुपारी पाहतो तर ही खिडकीशी बसलेली, मांडीवर बाहुली. कापसाचा छोटा बोळा जिभेवर टेकवायचा, बाहुलीच्या गालावर गोल फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा.

"अगं, काय करतेस हे?"

"पुसतेय."

"थुंकीनं?"

"मग कशानं? रंगाला थुंकीच चालते. साबणानं रंग निघतो." मग लहान पोराला सांगावं तसं तिनं मला सांगितलं की दुकानात पहिल्या दिवशीच मास्तरांनी हे शिकवलं होतं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर काम करताना सुई बोटात जाते, रक्ताचा ठिपका पडतो. तिथं पाणी नाही, साबण नाही. थुंकी लावायची की डाग निघतो. "आणि ज्याचं बोट, त्याचीच थुंकी. मास्तर म्हणतात, ज्याचा डाग त्याची थुंकी. दुसऱ्यानं करायचं नाही."

"हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कशाला पाहिजे? आणि हे बघा, पाणी नको त्यांना. पाणी अजिबात नको."

का नको, ते मी विचारलं नाही. मी आयुष्यभर लोकांना नोटिसा दिल्या, कारणं त्यांनी द्यायची होती. शिवाय माझं लक्ष काळ्या बोळ्यांकडं होतं. ते हिनं एका बशीत जमवले होते, आणि त्याच बशीत ओतून मी सकाळी चहा प्यायलो होतो.

नियम तिनं एकदाच मोडला. जुन्या सामानाच्या दुकानात काचेच्या डोळ्यांची एक मोठी बाहुली आली. ओठ किंचित उघडे, आत बारीक दात. दुकानदार खाली यायला तयार नव्हता. ही दोन महिने त्या काचेसमोर थांबून पुढं जात राहिली आणि मग एके दिवशी सात चेनींचे पैसे मोजून ती घेऊन आली. पुढचे कित्येक आठवडे ही कामाला बसनं न जाता पायी गेली. मला सगळ्यांत जास्त किळस होती ती हिचीच, म्हणजे त्या बाहुलीची. मेलेल्या माणसाचे डोळे मी पाहिलेत, ते बरे. ते निदान बघत नाहीत.

असं सगळं चाललं असताना वाचनालयातल्या ग्रंथपालबाई पिशवीची चेन बदलायला दुकानात आल्या. बोलण्यातून बोलणं निघालं आणि बाई घरी येऊन कपाटासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, नाक मुरडून जातील. त्यांनी वाकून एकेक चेहरा जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "इतक्या जुन्या आणि कुणी न बिघडवलेल्या बाहुल्या मी कुठं पाहिल्या नाहीत. सगळे धुऊन-रंगवून वाट लावतात हो." वाचनालयाच्या दारातच एक काचेचं कपाट आहे. त्यात महिनाभर बारा बाहुल्या ठेवायच्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी, आणि वर पाटी: संग्राहक, आणि हिचं पूर्ण नाव.

बाई गेल्यावर हिनं मला 'संग्राहक' कसं लिहितात ते विचारलं. मी लिहून दिलं. तिनं ते गिरवलं, जसं पोरं गिरवतात तसं.

"माझं नाव लग्नपत्रिकेत छापलं होतं आणि मतदार यादीत," ती म्हणाली. "तेही यादीत चुकीचं. हे एवढं झालं ना, की मला बाकी काही नको."

चाळीस वर्षांत हिनं तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही माझ्याकडं नव्हे. बारा बाहुल्या तिनं आठ दिवस निवडल्या. सगळ्यांत जुन्या, लाकडाचा भुसा आणि कागदाचा लगदा सरसात मळून केलेल्या, वरून रंग. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला त्या चिनी मातीच्या वाटायच्या. चिठ्ठ्यांवर तिनं बाहुली कुठं सापडली आणि किती चेनींना पडली ते लिहिलं. सात चेनींची एक होती, आणि अर्ध्या चेनीची एक. ती अर्धी इतकी घाण होती की भंगारवाल्यालाच लाज वाटली असावी. पोट उंदरानं कुरतडलेलं, भोकातून भुसा गळत होता.

बुधवारी चार वाजता बाई न्यायला येणार होत्या. सकाळी हिनं पलंगावर धुतलेली चादर घालून बाराही जणी ओळीनं निजवल्या आणि अर्धा दिवस कामाला गेली. दारातून मागं वळून म्हणाली, "हात लावू नका हं."

"मला काय हौस आहे!"

ते अगदी खरं होतं. हौस नव्हतीच. पण मी एकटा त्या ओळीसमोर उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते वाचनालयाचं दार आलं. तिथं पोरं येतात, काचेला नाक लावतात. तिथं माझे जुने साहेब पेपर वाचायला येतात. वर पाटीवर माझं आडनाव, आणि काचेआड ही थुंकी लावलेली घाण. लोक म्हणणार, सगळ्या गावाला स्वच्छता शिकवली आणि घरात बघा. दिव्याखाली अंधार! मला शिसारी आली, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. हिची लाज वाटली.

मोठं पातेलं उकळलं. धुण्याचा सोडा घातला. ब्लीचिंग पावडरचं प्रमाण मला झोपेतून उठवून विचारा. रबरी हातमोजे चढवले, न्हाणीघरातल्या टबात पाणी ओतलं आणि एकेक सोडली. त्या तरंगायला लागल्या म्हणून वर परात ठेवून तिच्यावर वीट ठेवली. बारावी, उंदरानं खाल्लेली, उचलायला गेलो तर भोकातून चादरीवर लेंड्या पडल्या. मला कोरडी उलटी आली. तिला मी स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं गालाला धरून उचललं आणि कचऱ्यात टाकायची म्हणून खिडकीत पेपरावर ठेवलं. मग वीस मिनिटं घड्याळ लावून चहा केला. मी शीळ घालत होतो, हेही लिहायला हवं.

परात उचलली. पाणी दुधाळ झालं होतं आणि त्यावर साय धरली होती. सायीत केस. चेहरे नव्हतेच. गाल, नाकं, ओठ सुटून वर तवंगासारखे फिरत होते. खुरं शिजवल्यासारखा सरसाचा वास असा भपकन आला की डोळ्यांत पाणी आलं. सात चेनींचीला मी झग्याला धरून वर काढलं, तर झगा हातात आला आणि आतलं सगळं उकडून फुटलेल्या बटाट्यासारखं खाली गळून पडलं. दोन डोळे तेवढे टबाच्या तळाशी टक्‌ टक्‌ वाजले. असल्या पाण्याचे नमुने घेऊन मी माणसांचे परवाने रद्द केले आहेत.

ही दीड वाजता आली. रिकामा पलंग पाहिला, माझे हातमोजे पाहिले आणि सरळ न्हाणीघरात गेली. मी बाहेर उभा राहून ओरडण्याची वाट पाहत होतो. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, जंतू, पोरं, सार्वजनिक जागा.

"पाणी ओतलंत?"

"नाही."

"ओतू नका."

तिनं बाह्या वर केल्या, पाटावर बसली आणि नागड्या हातानं त्या चिखलात शोधायला लागली. "अगं, ब्लीचिंग आहे त्यात, हात सोलतील, निदान मोजे तरी..." तिनं ऐकलं नाही. मग मीही मोजे काढले आणि हात घातला. पाणी अजून कोमट होतं. लगदा नखांत गेला, केस बोटांना गुंडाळले. मला माझीच किळस आली. ती बाहुल्यांच्या किळसेसारखी नाही, ती धुतल्यानं जात नाही. तासाभरात आम्ही दोघांनी मिळून सहा डोळे काढले. कुठला कुणाचा हे ही बघताक्षणी ओळखत होती आणि जोड्या लावून ठेवत होती.

चार वाजता ग्रंथपालबाई आल्या. दार मी उघडलं आणि त्यांना बसायला सांगितलं. ही आतून आली, हात लाल झालेले. "बाई, अकरा नाहीत आता. एकच आहे. चालेल?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग हिच्या हातांकडं. "का हो, काय झालं?"

"नाहीत," ही म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"एक तर एक," बाई म्हणाल्या. "पाटी तीच राहील."

ही मधल्या खोलीत गेली, मी मागोमाग. खिडकीतून तिनं ती अर्ध्या चेनीची उचलली. गालावर चिमट्याच्या काजळीचे दोन काळे ठसे होते. तिनं ते पाहिले, शेजारी पडलेला चिमटा पाहिला. कापूस घेतला, बोळा वळला, जिभेकडं नेला आणि तिथंच थांबवला. मग तो हात माझ्यासमोर धरला.

"मी?"

"तुमचा डाग आहे."

बाहेर बाई खुर्चीत बसल्या होत्या. मी बोळा जिभेवर ठेवला. तोंडाला कोरड पडली होती, थुंकी जमायला वेळ लागला. बाहुलीच्या गालावर टेकवला आणि फिरवला. बोळा काळा झाला. खालून फिकट गुलाबी रंग दिसायला लागला.

"दाबू नका," ही म्हणाली. "आणि बोळा बदला."

मी दुसरा बोळा घेतला.