मीठ बरोबर आहे, मावशी

“मस्त झालीय, मावशी. मीठ अगदी बरोबर,” वैशालीबाई म्हणाल्या. त्या खिचडीत मीठ नव्हतंच. कणभरसुद्धा नाही.

बाईंनी मास्क हनुवटीखाली ओढून दोन घास खाल्ले होते. चमचा ठेवला, मास्क वर केला आणि वहीत लिहायला लागल्या. शाळेत खिचडी शिजली की पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने चाखायची आणि चवीच्या वहीत सही करायची, असा नियम आहे. मी पळीतली थोडी तळहातावर घेऊन चाटली. अळणी. गुरांच्या आंबोणासारखी. बाहेर अंगणात चुन्याच्या गोलांत एक्केचाळीस पोरं ताटल्या घेऊन बसलेली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नवरा गेला, दीर गेला, कुणी परत येऊन पाणी मागितलं नाही. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर म्हणते, ‘देव आला असंल तर म्हणावं आधी माझी भांडी घासून दे.’ शिक्षण चौथीपर्यंत. मी सांगतेय आणि नात मोबाईलवर लिहून घेतेय. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं. तुम्ही खरं माना नाहीतर मानू नका, मला त्याने काही फरक पडत नाही.

सायखेड्याच्या अलीकडे नदीकाठाने मळे आहेत, त्या मळ्यांतल्या वस्तीची ही शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याची स्वयंपाकखोली. तिथे मी चौदा वर्षं खिचडी शिजवली. शिक्षक दोनच – कदम गुरुजी आणि वैशालीबाई. रोगाच्या पहिल्या वर्षी गुरुजींना घरोघर फिरून ताप मोजायची ड्युटी लागली. त्यातच त्यांना झालं आणि ते गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

गुरुजींना बीपी होतं. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. चवीची सही त्यांचीच असायची, म्हणून ते रोज स्वयंपाकखोलीच्या दारात यायचे. चपला घालून आत येत नसत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचे, “मावशी, मीठ हळू.” मी म्हणायचे, “तुमच्या बीपीपायी पोरांनी का अळणी खायाचं?” ते हसायचे. रोज तेच बोलणं. चौदा वर्षं.

मग शाळा उघडायचा हुकूम आला. वैशालीबाई नाशिकहून स्कूटीवर यायच्या. घरी सहा वर्षांची मुलगी आणि म्हातारी सासू. त्यांनी वर अर्ज केला होता. मला वाचून दाखवला, म्हणाल्या, “मावशी, काही राहिलं का बघा.” एका खोलीच्या खिडक्या गंजून बसल्यात, उघडत नाहीत. नळाला पाणी एक दिवसाआड, पोरांनी हात कशाने धुवायचे? एका शिक्षकाने दोन खोल्यांत अंतर कसं राखायचं? ताप मोजायची मशीन आली ती सगळ्यांनाच एक आकडा दाखवते – मला, पोरांना आणि पाण्याच्या माठालाही. मी म्हटलं, “समदं हाय त्यात. पन वाचनार कोन?”

कोणी वाचला नाही.

शाळा उघडायच्या आधी शिक्षकांनी नाकातला तपास करून घ्यायचा होता. बाईंनी चार दिवस आधी करून घेतला. रिपोर्ट आलाच नाही. आदल्या दिवशी त्यांनी शिक्षण खात्याच्या साहेबांना माझ्यासमोर फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

“सर, रिपोर्ट आल्याशिवाय मी मुलांत कशी बसू?”

“ताप आहे का मॅडम?”

“नाही.”

“मग? सगळ्यांच्या शाळा उघडतायत. तुमचीच बंद ठेवून मी वर काय सांगू?”

फोन ठेवून बाई अंगणात चुन्याचे गोल आखायला लागल्या. वस्तीतले आईबापही मागे लागलेले. द्राक्षाचा हंगाम, सगळे बागेत. मंदा नावाची एक आई मला म्हणाली, “लय झालं आता घरी. पोर मोबाईल घेऊन झाडावर बसतंय रेंजसाठी. पडून मेलं तर?” तिचंही खोटं नव्हतं.

शिजवलेलं द्यायचं की कोरडा तांदूळ वाटायचा, यावरही आज एक हुकूम, उद्या दुसरा. शेवटी बाई म्हणाल्या, “पहिल्या दिवशी गरम काहीतरी जाऊ दे पोटात.”

त्या सकाळी दहाच्या सुमाराला खिचडी उकळत होती. हळद झाली, मसाला झाला. मी मिठाची मूठ भरली आणि पातेल्यावर धरली. मागून, दारातून आवाज आला –

“मावशी, आज मीठ राहू द्या.”

मी वळलेसुद्धा नाही. सवयीने म्हटलं, “राहू द्या काय? थुकतील की पोरं.” म्हणून झाल्यावर मला कळलं मी कुणाशी बोलले ते.

वळून पाहिलं. दारात ऊन पडलेलं. कोणी नाही. पोरं पुढच्या अंगणात, बाई त्यांना गोलात बसवत होत्या, तिथून त्यांचा आवाज येत होता. मी दाराबाहेर जाऊन आले. कोणी नाही. भ्यायले का? नाही. मला राग आला. मेल्यावरही याला मिठाचंच पडलंय, असं वाटलं.

मूठ अजून भरलेलीच होती, पण रागात हाताचा अंदाज राहत नाही. मीठ घातलं असतं तर अर्धं पातेल्यात, अर्धं चुलीत. पुन्हा बरणीत टाकलं. म्हटलं, बाई येतील चाखायला, त्या सांगतील तेव्हा घालू. मेलेल्या माणसाचं ऐकलं असं नाही. हाताचा अंदाज गेला होता म्हणून.

बाई आल्या, चाखलं आणि म्हणाल्या, मीठ बरोबर.

मी दार लोटून घेतलं. “बाई, सकाळी काय खाल्लं?”

“चहा घेतला फक्त. उशीर झाला ना. तोही पाण्यासारखा – दूधवाल्याला शिव्या देतच निघाले.” मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबल्या. “का हो?”

मी बरणीतून चिमूट काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. “ह्ये चाटा.”

त्यांनी चाटलं. परत चाटलं. डोळे मोठे झाले. मास्क हातात तसाच लोंबत होता.

“मावशी... ही साखर आहे का मीठ?”

“मीठच हाय. या रोगात चव जाती, बाई,” मी म्हटलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. “मी पोरांना हाताला धरून बसवलं. तीन-चार जणांना. लहान आहेत, गोलात बसत नव्हती...” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी म्हटलं, “रडू नंतर. आधी पोरं घरी धाडू.”

बाहेर जाऊन मी घंटा वाजवली. बाई लांब लिंबाखाली उभ्या राहून ओरडल्या, “घरी जा सगळे! हातपाय धुवा, कपडे भिजत टाका!” पोरांना वाटलं सुट्टी. आरडाओरडा करत पळाली. एक पोरगी मला विचारते, “आज्जे, मंग खिचडी?” पातेलंभर खिचडी मी खड्ड्यात पुरली. चौदा वर्षांत पहिल्यांदा अन्न मातीत घातलं.

निघताना बाईंनी विचारलं, “तुम्ही मीठ का नव्हतं घातलं?”

“इसरले,” मी म्हटलं.

“बरं झालं विसरलात.” एवढंच बोलल्या आणि स्कूटीला किक मारली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. तोवर बाईंना धाप लागली होती. नाशकात तेव्हा खाट मिळत नव्हती. कुठे खाट होती तर हवा नव्हती. नवरा त्यांना गाडीत घेऊन एक दिवस फिरला. मग मिळाली. अकरा दिवस होत्या. आमच्या शाळेच्या व्हाट्सअपवर त्यांचा एक मेसेज आला होता, नातीने वाचून दाखवला – ‘पोरं बरी आहेत ना सगळी?’ नातीने लिहिलं, बरी आहेत. ते त्यांनी वाचलं की नाही, माहीत नाही.

मीही बारा दिवस तापाने पडले होते. पडल्या पडल्या एकच विचार करत होते. लोक म्हणतील, गुरुजींनी पोरं वाचवली. म्हणोत. माझा गुरुजींशी वेगळाच तंटा आहे. बोलायचंच होतं तर त्या दिवशी मलाच का? चार दिवस आधी साहेबाच्या कानात का नाही बोलले? बाईंच्या घरी, तो चहा पिताना का नाही? मिठापर्यंतच कसं पोचलं त्यांचं बोलणं? मी म्हातारी, मला भास झाला असेल, असंही धरून बघितलं. पण भास झाला तर नेमका त्याच दिवशी, आणि नेमका मिठाचा?

त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. मी वाट पाहिली नाही, असं मात्र म्हणणार नाही.

त्या सकाळी अंगणात एक्केचाळीस पोरं होती. एक्केचाळीस जगली. मी जगले. बाई गेल्या.