तारीख

देऊळघाटच्या ताईंचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्यातल्या माझ्या दुकानात एका प्रिंटरच्या चाकांचे दात साफ करत होतो. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, ते वर्ष. बीटी बियाण्याच्या पाकिटावर विश्वास ठेवून लोकांनी फवारणी जवळजवळ विसरली होती, आणि दिवाळीनंतर बोंडं फोडून पाहिली तर आत अळी बसलेली. नुकसानीचे अर्ज संगणकावरून भरायचे होते. ताईंच्या गावात अर्ज भरून देणारं एकच केंद्र होतं, ते त्यांचं. आणि त्यांच्या संगणकावर अर्जाचं पान उघडणं बंद झालं होतं. उघडायला गेलं की तुमची प्रणाली जुनी आहे, आधी अपडेट करा, असा मजकूर यायचा. अपडेट करायला गेलं की ते होत नव्हतं.

ताई तिशीच्या असतील. वडील गाद्या भरायचे. ते गेल्यावर त्यांच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत ताईंनी हे केंद्र टाकलं. मागच्या खोलीत त्या आणि त्यांची आई राहायच्या. संगणक मीच दिलेला होता, त्यामुळे तो बंद पडला की माझी जबाबदारी, असं त्यांनी धरलेलं आणि मीही.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलो. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं सातबारे आणि बियाण्याची रिकामी पाकिटं घेऊन बसलेली. मी खुर्चीवर बसलो आणि पाचच मिनिटांत निदान करून टाकलं. डिस्क गच्च भरली होती. लग्नांचे व्हिडिओ होते, कोणाकोणाचे फोटो होते, दोन गेम होते. मी ताईंना बरंच सुनावलं. कामाच्या मशीनवर हे ठेवायचं नसतं, अपडेट बसायला जागा लागते, तुम्ही जागाच ठेवली नाही. बाकावरचे लोक ऐकत होते. मग मी व्हिडिओ पेन ड्राइव्हवर काढून दिले, जागा केली आणि अपडेट लावलं. नेटचा वेग बैलगाडीचा. संध्याकाळी कुठे सगळं उतरलं. बंद होताना काही भाग बसेल आणि उरलेला सकाळी चालू करताना बसेल, असं सांगून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. तीसेक टक्क्यांवर गाडी थांबली, मग पडद्यावर आलं की बदल करता आले नाहीत, पूर्वीसारखं करत आहोत. आणि खरंच सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

मग मी दुपारी जाऊन जरा गंभीरपणे बसलो. अँटिव्हायरस काढून टाकला. अपडेट उतरवणारी सेवा थांबवली, तिनं साठवलेल्या फाइली पुसल्या, ती पुन्हा चालू केली आणि सगळं नव्यानं उतरवायला लावलं. खराब झालेल्या फाइली शोधून दुरुस्त करणारी आज्ञा दिली. ती तासभर चालली आणि काही सापडलं नाही म्हणाली. बिघाडांच्या नोंदी उघडून पाहिल्या. त्यात काही नोंदींवर कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या वेळी तर हे मशीन तयारही झालं नसेल. नोंदीच खराब झाल्या आहेत, असं म्हणून मी ते पान बंद केलं. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण झालं तसं.

बाकावर एक म्हातारेबुवा होते, आदल्या दिवशीही होते. त्यांच्या हातात काडेपेटी होती. काडेपेटीत कापसाचा बोळा घालून त्यावर जिवंत अळी ठेवलेली. अर्जाला पुराव्याचा फोटो लागतो, हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. फोटोपेक्षा अळीच आणलेली बरी, असा त्यांचा हिशेब. अधूनमधून ते पेटी उघडून पाहायचे. एकदा माझ्याजवळ येऊन सावकाश म्हणाले, "जरा लवकर पाहा भाऊ. हे मरून राह्यली."

थोड्या वेळानं ताईंच्या आईनं चहा दिला. त्या वर्षानुवर्षं लोकांच्या शेतात कापूस वेचायला जात होत्या. बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांनी बारीक रेघा पडलेल्या. मी सहज विचारलं, चाची, तुमच्याकडे अळी कधी दिसली. त्यांनी सांगितलं की अळी दिवाळीनंतर दिसली, पण त्याच्या कितीतरी आधी, फुलं होती तेव्हाच, काही फुलं उमलतच नव्हती. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबाची कळी असावी तशी. त्याला डोमकळी म्हणतात हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा बायका नुसत्या एकमेकींना दाखवायच्या आणि पुढे जायच्या. पुढे वेचणीत अर्धा कापूस कवडी निघू लागला, म्हणजे पिवळा पडलेला, बोंडाला घट्ट धरून बसलेला, तेव्हा शेतमालक धावत आले. तुम्ही आधी कोणाला सांगितलं नाही का, असं मी म्हटलं. त्यांनी कप उचलला आणि म्हणाल्या, "बेटा, वेचनेवालीले कोण पुसते?"

मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि मी पुन्हा पडद्याकडे वळलो. संध्याकाळपर्यंत सगळं उतरलं. पण मनातून माझा विश्वास उडाला होता. ताईंना सांगितलं, सकाळी हे पुन्हा फसलं तर मशीन कोरं करून सगळं नव्यानं टाकायचं. मी सकाळीच येतो, कारण त्याला दिवस जाईल. ताईंचा चेहरा उतरला. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस होते आणि लोकांचे अर्धवट भरलेले कागद त्याच मशीनवर होते. तरी त्या बरं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा त्या नुकत्या शटर वर करत होत्या. आत आल्या, भिंतीवरचा विजेचा बोर्ड चालू केला, संगणक चालू केला. अपडेट तीस टक्क्यांवर गेलं आणि मागे फिरलं. मी पिशवीतून सगळं नव्यानं टाकायची डिस्क काढत होतो. ताई मात्र त्यांच्या रोजच्या सवयीनं कामाला लागल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उघडलं आणि वर्ष, महिना, दिवस, वेळ असं एकेक बसवू लागल्या.

मी विचारलं, हे काय करताय.

"तारीख लावून राह्यले. रोजच लावावं लागते. नाही लावली तर एकही पान उघडत नाही."

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून असन."

"मग मले सांगितलं काऊन नाही, ताई?"

त्यांनी तास आणि मिनिटं नीट बसवली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इचारलं नाही, भाऊ. मले वाटलं, तुम्हाले दिसलंच असन."

मी डिस्क पिशवीत परत ठेवली. संगणकाच्या आत एक छोटा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो सेल मेला होता. संध्याकाळी भिंतीवरचा बोर्ड बंद झाला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. अपडेटचा शेवटचा भाग सकाळी बसायला जायचा तेव्हा मशीनच्या लेखी ते अपडेट अजून तयारच झालेलं नव्हतं, मग ते कसं स्वीकारायचं? मी दुपारी यायचो, तोवर ताईंनी तारीख बरोबर केलेली असायची. आणि रोज संध्याकाळी बोर्ड बंद करत जा, असं मशीन देताना त्यांना मीच बजावलं होतं.

सेल माझ्याकडे नव्हता. एसटी स्टँडजवळच्या घड्याळवाल्याच्या डब्यात सापडला, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. मशीन उघडलं, आतली धूळ फुंकली, जुना सेल काढून नवा बसवला. दोन मिनिटांचं काम होतं. ताई मागे उभ्या राहून पाहत होत्या. कोणती खिट्टी कुठल्या बाजूला दाबायची, हे त्यांनी मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. तारीख लावून मशीन बंद केलं, बोर्ड बंद केला, थोडं थांबलो, पुन्हा चालू केलं. तारीख जागेवर होती.

उतरलेल्या फाइली तशाच होत्या, त्यामुळे फार वेळ लागला नाही. तीस टक्के गेले, चाळीस गेले. बाकावरचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. शंभर झाल्यावर मशीन एकदा बंद होऊन चालू झालं आणि अर्जाचं पान कसलीही कुरकूर न करता उघडलं. मी लोकांसमोरच ताईंना म्हटलं की चूक माझी होती, परवा तुम्हाला उगाच बोललो. त्या हसल्या आणि पहिल्या माणसाचा सातबारा मागितला.

काडेपेटीवाल्या बुवांचा नंबर चौथा लागला. अळी तोवर हालचाल करेनाशी झाली होती. ताईंनी सुईच्या टोकानं तिला सरळ केलं, पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाइलनं फोटो काढला आणि अर्जाला जोडला. गुलाबी रंग चांगला आला होता. बुवांनी पडद्याजवळ वाकून तो बराच वेळ पाहिला. पुढे त्यांना काय मिळालं, मला माहीत नाही. मुदतीच्या आत बाकावरच्या सगळ्यांचे अर्ज गेले, एवढं ताईंनी फोनवर कळवलं.

तेव्हापासून कुठेही मशीन उघडण्याआधी मी त्यावर काम करणाऱ्या माणसाजवळ बसतो आणि सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय करता, ते विचारतो. बहुतेकांना हे वेळ घालवणं वाटतं.

दोनेक वर्षांनी एका केबलसाठी ताईंकडे गेलो तर टेबलावर दुसऱ्याच कोणाचा संगणक उघडून ठेवलेला होता. शेजारच्या गावातल्या केंद्राचा, म्हणाल्या. त्याचंही अपडेट बसत नाही, पण याचा सेल ठीक आहे, दुसरंच काहीतरी आहे, मी पाहून राह्यले. मी पुढे होऊन हात लावायला गेलो तर त्यांनी थांबवलं. त्या भागातली कामं आता माझ्याकडे फारशी येत नाहीत.