सॅक्सोफोनखाली तानपुरा

भर मे महिन्यात मी कूलर बंद करून सॅक्सोफोनचा रियाज करायचे, कारण त्याच्या घरघरीलाही एक सूर असतो आणि मला कानात एकच सूर नको होता. मी बसवत होते ती जॅझची चाल भन्नाट वेगाची. तिच्यात दर दोन मात्रांना कॉर्ड, म्हणजे साथीच्या स्वरांची जुडी, बदलते आणि सा जागेवर राहतच नाही. आधी नुसता प्रत्येक कॉर्डचा गंधार वाजवायचा, तोही मुंगीच्या पावलांनी. मग एका कॉर्डवरून पुढच्या कॉर्डच्या सगळ्यात जवळच्या स्वरावर जायचं. ते अंगात मुरलं की वेग वाढवायचा आणि मनचं वाजवायचं. वर्षभर घाम गाळला, नवऱ्याची बोलणी खाल्ली.

सदर भागातल्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, तेव्हा मला समोर एकच माणूस हवा होता: माझे काका. इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा हार्मोनियमचा क्लास. सा लावायला मला त्यांनीच शिकवलं. पोरगी वाया गेली नाही, एवढं त्यांना कळावं, बस.

माझी पाळी आली. ड्रम सुटला, बास धावू लागला, पहिल्या वळणावर मी नीट उतरले, दुसऱ्यावरही. आणि स्पीकरमधून तानपुरा सुरू झाला. काळी चारच्या पट्टीतला, संथ, जाडजूड. मी कॉर्डबरोबर पुढे जायचे, तो तिथेच. माझा प्रत्येक बरोबर स्वर त्याच्यापुढे चुकीचा ठरत होता. शेवटी बोटं आपसूक त्याच्या सावर येऊन थांबली आणि तेव्हाच टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो.

कुठल्याही गाण्याला जाताना तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी पिशवीत घालूनच निघायचं, ही काकांची सवय. ती स्पीकरला जोड, असं त्यांनी सांगितलं आणि साउंडवाल्याने म्हाताऱ्या गुरुजींचा शब्द मोडला नाही. मला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. बाहेर येऊन पाहते तर लोक काकांना धन्यवाद देत होते, पोरीला सांभाळून घेतलं म्हणून. माझं टाळकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, काहून लावला?"

"घडी घडी सा सोडून राहिली होती तू. लोकाईसमोर तुले पडू कशी देऊ?"

"मी पडत नव्हते. तुम्ही मले ऐकलंच नाही."

"ऐकलं म्हणूनच त लावला वं," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला.