बालाजीदादाचा न उघडलेला मेसेज

मी एका माणसाच्या बायकोशी वर्षभर खोटं बोललो. आज सकाळी फोन करून खरं सांगितलं.

तो माणूस म्हणजे आमचा बालाजीदादा. लातूरकडचा. चाकणला एका रूमवर आम्ही सहा जण राहायचो, त्यात वयानं सगळ्यात मोठा. त्याला जाऊन आज वर्ष झालं.

दादा क्वालिटीला होता. दिवसभर पार्ट तपासायचा, खराब दिसला की लाल मार्कर.

रूमवर आला की तोच मार्कर आमच्या इंग्लिशवर.

खोटं नाही सांगत. मेसच्या बोर्डवर "टुडे स्पेशल" लिहिलेलं, तर या माणसानं जेवण सोडून उठून त्यात एस घातला. मेसवाला म्हणाला, "भाऊ, भाजी आवडली का ते सांगा ना." भाजी दोडक्याची होती. त्या मेसला बुधवारी कायम दोडकाच असायचा, का ते देव जाणे. असो.

मी आयटीआय अर्धवट सोडलेला. कुठंच टिकत नव्हतो. दादानं माझा रिझ्युमे लिहिला, आणि पंधरा दिवस गच्चीवर इंटरव्ह्यूची तयारी करून घेतली.

"मायसेल्फ सचिन..."

"थांब. मायसेल्फ काय बोलायलास? आय अ‍ॅम सचिन म्हण. पुढं."

"आय अ‍ॅम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स."

"आय हॅव. आणि दोन वर्षं कुठली रे? सहा महिने झाले तुला!"

मी एकदा चिडून विचारलं, दादा, मशीन चालवायला इंग्लिश कशाला लागतं?

"मशीनला नाही लागत. मी दोनदा सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूला बसलो आणि दोनदा तोंड शिवल्यासारखा परत आलो. काम सगळं येत होतं बघ. सांगता येईना."

मला ती नोकरी लागली. पेढे त्यानं वाटले.

मग ते रिटर्न बॅकचं झालं.

गावी गेलो होतो, रूमच्या ग्रुपवर टाकलं, "आय विल रिटर्न बॅक ऑन मंडे." मिनिटभरात दादाचा मेसेज. "रिटर्न किंवा कम बॅक. दोन्ही एकत्र नको." खाली पोरांचे हसरे चेहरे.

सोमवारी आलो तर दारातच पोरं, "आले का रिटर्नबॅक शेठ!" पुढं महिनाभर माझं तेच नाव. राव, एवढंसं कारण. पण डोक्यात गेलं.

मी दुसरा ग्रुप काढला. नाव, "मास्तर सोडून."

पाचही जण तिकडं. जुना ग्रुप सगळ्यांनी म्यूट करून टाकला. तिथं दादा एकटाच रोज एक चूक टाकायचा. डिस्कस अबाउट म्हणू नये. कझिन ब्रदर म्हणू नये. कुणी उघडायचं नाही. त्याला कळलं होतं का, माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही.

आणि चार महिन्यांत मी नोकरी सोडली. एका जागी आठ तास उभं राहणं होईना माझ्याच्यानं. पण दादाला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून रोज पहाटे कंपनीचा शर्ट घालून निघायचो आणि बस पकडून कुठंही. पिंपरी कॅम्प. रावेत. शर्ट काढून बॅगेत.

दादा गेला त्या दिवशी वाकडला मॉलमध्ये बसलो होतो. एसी फुकट.

दादा सेकंड शिफ्टला, म्हणून रूमवर एकटा. एक पोरगा गावी. बाकी आम्ही चौघं फर्स्ट शिफ्टला, म्हणजे दादाच्या हिशोबानं चौघं. शिफ्टला गेलं की फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. म्हणून दादानं कुणाला फोन लावला नसणार. ग्रुपवर लिहिलं, जो आधी बाहेर येईल तो बघेल म्हणून.

अकराच्या सुमाराला मला जुन्या ग्रुपवर न वाचलेल्या मेसेजचा आकडा एकानं वाढलेला दिसला.

उघडला नाही. वाटलं, आजची चूक.

वर दुसऱ्या ग्रुपवर लिहिलं, "मास्तरांचा तास सुरू झाला वाटतं." कुणी हसलंसुद्धा नाही. तिघांचे फोन लॉकरमध्ये, गावी गेलेल्याला रेंज नाही.

दादानं लिहिलं होतं, "छातीत दाबल्यासारखं व्हायलंय. रूमजवळ कोणी आहे का?"

एक वाजता घरमालकीण आक्का शेतातून आल्या, त्यांना तो जिन्यात सापडला. पिंपरीला दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी संध्याकाळी पोचलो. कंपनीचा शर्ट घालून.

आक्का बाहेर बसल्या होत्या. "अरं, सा जणं ऱ्हाता, आन एकबी जवळ नव्हता व्हय? मला तरी सांगायचं हुतं. मी काय लांब हुते?"

शेत रूमपासून पाच मिनिटांवर. आक्कांचा नंबर फक्त माझ्याकडे होता.

तेराव्याला दादाच्या गावी गेलो. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तो मेसेज कुणीच कसा बघितला नाही?"

म्हणालो, "वहिनी, ड्युटीवर फोन जमा करावा लागतो."

दादाचा भाऊ आमच्यावर भडकलेला. वहिनीच त्याला म्हणाल्या, "लेकरांचा काय दोष? कामावर होती ती."

त्यानंतर दर सणाला त्या मला फोन करतात. जेवलात का विचारतात.

नाही झेपत आता.

आज सकाळी सांगितलं. नोकरी सोडलेली. फोन हातात होता. आकडा दिसला होता. दुसरा ग्रुप मीच काढला. सगळं.

वहिनींनी विचारलं,

"मग कुठं होता तुम्ही?"

"मॉलमध्ये. नुसताच बसलो होतो."

"एकटेच?"

"हो."

"ते पण एकटेच होते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी परत लावला नाही.

रूमवरच्या पोरांनो, तुमचे फोन खरंच लॉकरमध्ये होते. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.

दादा, तुला हात जोडून निरोप.

— सचिन