गोळीत पीठ असतंय

"आतडं अडकलंय. आजच ऑपरेशन करावं लागेल," सर्जन म्हणाले, आणि आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सेलूहून परभणीला आणलं होतं. जांघेतला जुना हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतून बाहेर आलेलं आतडं, दगडासारखं कडक झालं होतं.

पण खरी भीती हृदयाची होती. दहा वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या हृदयात धातूची झडप बसवली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी घ्यायची. ती द्यायचं काम माझं.

रिपोर्ट आला. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, निरोगी माणसासारखा होता. सर्जनना हायसं वाटलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करू, म्हणाले.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम मात्र रिपोर्टकडं बघतच राहिल्या. "गोळी चालू असेल तर हा आकडा जास्त हवा. आजी, गोळी रोज घेता?"

"रोज. ही देते की," आत्याबाई म्हणाल्या. मीही मान हलवली. शाळेत पोरांच्या वह्या ओळ न ओळ तपासणारी मी, घरात मात्र चुलीपुढून "गोळी घेतली का?" एवढंच ओरडायची. "घेतली" ऐकू आलं की माझं काम झालं.

मॅडमनी शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याला रक्तपेढीत पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या. "आजी, नवरात्र कडक होतं का?"

"लय कडक."

"मग गोळी?"

आत्याबाईंनी डोळे मिटले. "न्हाई घेतली. गोळीत पीठ असतंय, उपास मोडतोय. काल पारणं झाल्यावर त्यातल्या चार एकदम घेतल्या."

मॅडम रागावल्या नाहीत.

"नऊ दिवस गोळी नाही, म्हणजे झडपेवर गुठळी असू शकते. कालच्या गोळ्यांचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये नाही, उद्या-परवा दिसेल. पाठीत सुई टोचली आणि मग रक्त पातळ झालं, तर मणक्यात रक्त साकळून पाय जाऊ शकतात."

आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. झडप मोकळी होती. मग पूर्ण भूल द्यायचं ठरलं. "धोका आहेच," मॅडम म्हणाल्या, "पण आता काय चाललंय ते माहीत आहे."

तीन तास मी बाकावर बसून होते. देवीला काही बोलायचं धाडस झालं नाही. अडकून काळवंडलेल्या आतड्याचा रंग परत आला, कापावं लागलं नाही, आणि आत्याबाई शुद्धीवर आल्या.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, पहिल्यांदा खोटं का बोललात?

"पोरगा समोर हुबा व्हता. गोळी द्यायचं काम तुझं. तुला बोलला असता ना, बाई."

जीव टांगणीला लागलेला, आणि ह्यांना काळजी मला बोलणी बसतील याची. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. चुकलेली गोळी सांगा, जास्तीची सांगा, उपवासही सांगा. त्या मॅडमनी योग्य प्रश्न विचारला म्हणून आमचं माणूस घरी आलं.

यंदा घट बसले त्या संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिले. आत्याबाईंनी देवीला हात जोडले, "माफ कर, माय," म्हणाल्या आणि गोळी गिळली. मग पहिलीतल्या लेकरासारखं तोंड उघडून मला दाखवलं.

मी वाकून नीट बघितलं.