तेरा नंबरचं वजन

प्रसूती रुग्णालयाच्या वॉर्डात खाटा बाराच होत्या. त्यामुळे मागच्या मोडक्या सामानाच्या खोलीत, पाय तुटलेल्या खाटेखाली जी कुत्री व्याली, तिला सगळे 'तेरा नंबर' म्हणू लागले. नाव ठेवलं वजनबाईंनी. आणि वजनबाईंनी ठेवलेलं नाव बदलायची छाती त्या इमारतीत कुणाची नव्हती.

वजनबाई हेही काही पाळण्यातलं नाव नव्हे. अंगकाठीवरून पडलेलं तर मुळीच नव्हे. तसा संशय बोलून दाखवणाऱ्याची त्यांनी काय गत केली असती ते सांगायला नको. एकोणतीस वर्षं त्या इथे आया होत्या, आणि जन्मलेलं प्रत्येक मूल काट्यावर ठेवायचं काम त्यांचं. मूल हातात आलं की आधी त्या नुसत्या तोलूनच सांगायच्या, "दोन सातशे. रडू नका म्हणावं आईला, चांगलं आहे." मग काटा दोन सातशेच दाखवायचा. एकदा त्याने दोन आठशे दाखवले तेव्हा बाईंनी काटाच दुरुस्तीला पाठवला, आणि त्याची स्प्रिंग खरोखरच सैल निघाली. तेव्हापासून नवे डॉक्टर आधी बाईंकडे बघायचे, मग काट्याकडे.

वॉर्डातल्या बायका मोठ्या सिस्टरांना जेवढ्या भीत नसत तेवढ्या वजनबाईंना भीत. सकाळी सहाला त्या दारात उभ्या राहिल्या की झोपलेल्या बायकाही उठून पोरं छातीशी धरायच्या.

"काल रात्री किती वेळा पाजलंस?"

"तीनदा, मावशी."

"काटा मला पाच वेळा पाजल्याचं सांगेल तेव्हाच तुला घरी सोडणार. रडतंय ते भुकेनं, तुझं तोंड आवडलं नाही म्हणून नव्हे."

तर अशा बाईच्या तावडीत तेरा नंबर सापडली. खाटेखाली पाच पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. कुत्री लांब हाडाची, तांबूस, आणि बाई आत गेल्या तेव्हा गुरगुरायचंही तिच्या जिवावर आलेलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हे रुग्णालय आहे, कोंडवाडा नाही."

"त्या खोलीत वीस वर्षं उंदीर बाळंत होतायत, तेव्हा नाही कुणी काही म्हणालं," बाई म्हणाल्या. वॉर्डातल्या भांड्यांना आणि फडक्यांना हात लावायचा नाही, खोलीतून आल्यावर कोपरापर्यंत साबण लावायचा, एवढं बजावून सिस्टर गेल्या.

त्याच खोलीत अडगळीत टाकलेला एक जुना काटा होता, पत्र्याच्या ताटलीचा. बाईंनी तो पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीआधी पाचही पिल्लांची वजनं घ्यायला सुरुवात केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले: पहिला, दुसरा, काळतोंड्या, बोका, धाकटी. तेरा नंबरसाठी घरून दुधातली लापशी जाऊ लागली, सकाळ-संध्याकाळ, पातळ आणि भरपूर. दूध उतरवायचं तर पातळ आणि भरपूर, हे बाईंना झोपेतही पाठ होतं.

आणि पिल्लं वाढली! अशी वाढली की बाई घरी जाऊन नवऱ्याला आकडे ऐकवायच्या. नवरा त्याच रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आवारातल्या लहानशा क्वार्टरमध्ये खिडकीशी असा बसायचा, जणू कुणी हाक मारली की गाडी काढायची आहे.

"बोका आज तेराशे पन्नास," बाई म्हणायच्या.

"अगं, आपला मुलगा नोकरीला लागला तेव्हासुद्धा तू एवढी हसली नव्हतीस."

"तो कुठे रोज पन्नास ग्रॅम वाढत होता?"

तिसऱ्या आठवड्यात धाकटीचा एक डोळा चिकटला, म्हणून बाईंनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. हा डॉक्टर याच वॉर्डात जन्मलेला. "तीन शंभर होतास तू," बाईंनी दारातच सांगून टाकलं. "आणि रंग निळा. मी पाठीत थापटी मारली तेव्हा रडलास." एवढ्या ओळखीनंतर कुठला डॉक्टर फी मागणार? त्याने धाकटीचा डोळा पुसला, थेंब टाकले आणि मग खाली बसून तेरा नंबरच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. बोटं टकटक टकटक करत गेली. पाठीच्या मणक्यावर तर गाठी मोजता येत होत्या.

"मावशी, वजन किती?"

"बोका तेराशे पन्नास, पहिला तेराशे दहा, काळतोंड्या..."

"आईचं विचारतोय."

कॅलेंडरच्या पाठीवर पाच रकाने होते. सहावा आखायला जागा होती, पण तो आखायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉर्डाच्या रजिस्टरातही असंच होतं. बाळाच्या नावापुढे तारखेमागून तारखेचं वजन, आईपुढे नाव आणि खाट नंबर. बाळ वाढलं की आई बरी, असं धरून एकोणतीस वर्षं काम चाललेलं. कुणाचं काही अडलं नव्हतं. निदान कुणी तसं सांगितलं नव्हतं.

दुपारी तपासणी-विभाग रिकामा झाल्यावर बाई तेरा नंबरला घेऊन मोठ्या काट्यापाशी गेल्या. कुत्री एकटी काट्यावर उभी राहीना. मग आधी बाई एकट्या चढल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना काट्यावर चढवत आलेली ही बाई स्वतः त्यावर पहिल्यांदाच चढत होती.

"एकाहत्तर!" सिस्टरांनी मोठ्याने वाचलं.

"हळू वाचा की. आकडा आहे, लिलाव नाही."

मग कुत्रीला कडेवर घेऊन चढल्या. काटा ब्याऐंशीच्या जरा पुढे थांबला. अकरा किलो दोनशे.

"या हाडापेराला सतरा-अठरा पाहिजे," डॉक्टर म्हणाला. "आणि मावशी, दूध-लापशी बंद. दुधाने जुलाब होतायत तिला, खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं मी. जे उरतंय त्याचं दूध होऊन पाच तोंडांत चाललंय. तुम्ही टाकी भरताय आणि खाली पाच नळ उघडे."

"मग काय करू?"

त्याने जंताचं औषध दिलं आणि सांगितलं: दिवसातून चार वेळा थोडं थोडं, उकडलेलं मांस, अंडी, मऊ भात. पिल्लांना चौथ्या आठवड्यापासून ताटलीतलं मऊ खाणं. आणि तेव्हापासून रोज काही तास पिल्लं आईपासून वेगळी. "चौदाच्या वर गेली की मी निश्चिंत. दहाच्या खाली आली तर मला बोलावू नका, मला येऊन काही करता येणार नाही."

बाईंनी मांस आणलं, अंडी आणली, चार वेळा जाऊ लागल्या. कॅलेंडरवर सहावा रकाना आखला, तोही सगळ्यांत रुंद. फक्त एक गोष्ट केली नाही. पिल्लं वेगळी केली नाहीत. डॉक्टर फोनवर विचारायचा, "तोडलीत का?" बाई म्हणायच्या, "करते, करते." पोर छातीशी लावायचं कसं ते त्यांना शंभर प्रकारे येत होतं, ओढून काढायचं एकही प्रकारे येत नव्हतं. चौथ्या आठवड्यात एकदा हात घातला. धाकटी आचळाला लटकूनच वर आली. कुत्रीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी धाकटी परत ठेवली आणि उगाच खोली झाडली.

नव्या खाण्याच्या पहिल्या आठवड्यात कुत्रीचं वजन अकरा नऊशे झालं. बाईंनी वॉर्डात बायकांना न रागावता एक अख्खी सकाळ काढली. मग अकरा सहाशे. मग अकरा शंभर.

"खाते तर सगळं!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "ताटली चाटून पुसून. मी उभी राहते ना समोर! मग जातं कुठे?"

"जंत असतील."

"जंताचं दिलंय. तुम्ही तरी काहीतरी नवीन बोला."

नवरा नवीन काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डात गेल्यावर कुत्रीच्या खोलीबाहेर खिडकीशी स्टूल टाकून बसला. दुपारी बाई जेवायला आल्या तर म्हणाला, "अगं, आधी चल. जेवण कुठे पळत नाही."

खिडकीतून दोघांनी पाहिलं. तेरा नंबर ताटली संपवून खाटेखाली गेली. पाचही पिल्लं उठली आणि तिच्या जबड्याच्या कडा चाटायला लागली, उड्या मारमारून. कुत्रीचं पोट आत ओढलं गेलं, एकदा, दोनदा. मान खाली झाली आणि अंडं, मांस, भात, सगळं पिल्लांसमोर जमिनीवर आलं. वाफाळलेलं. पिल्लं तुटून पडली. कुत्री बाजूला बसून बघत राहिली. तिची मागची तंगडी थरथरत होती.

बाईंनी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. "ओकतेय ती. आजार आहे ना हा काहीतरी? सांग औषध, आत्ता आणते."

"आजार नाही, मावशी. या वयाच्या पिल्लांना कुत्र्या असंच भरवतात."

"अरे, पण तिच्यात आहे काय दुसऱ्याला द्यायला?"

"ते तिला कुठे कळतंय? खाल्ल्यावर पिल्लं तोंडाशी येता कामा नयेत, बस्स. तुम्ही तोडली होतीत ना?"

नवऱ्याने फोन बाईंच्या हातातून घेतला आणि म्हणाला, "उद्यापासून तोडतो."

त्या दिवशीचं वजन दहा किलो सहाशे. काट्यावरून उतरताना कडेवरच्या कुत्रीने बाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकली. सिस्टरांनी आकडा या वेळी मोठ्याने वाचला नाही.

सकाळी धुण्याची टोपली भरून पिल्लं क्वार्टरमध्ये गेली. नवऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मऊ भाताची ताटली मांडली आणि पुढच्या पाच मिनिटांत पाचही पिल्लं त्या ताटलीत बसली.

"पोटच्या पोराचा लंगोट कधी बदलला नाहीत," बाई दारातून म्हणाल्या. "आता भोगा."

"तू जा तिच्यापाशी. इथलं मी बघतो. ए बोक्या, तो माझा अंगठा आहे!"

बाई खोलीत गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. तेरा नंबर दाराशी उभी. आधी तिने फटीला नाक लावलं. मग एका पायाने दार खरवडलं, फार नाही, तेवढी ताकदच नव्हती. मग एक सूर लावला, बारीक, थांबून थांबून. वॉर्डात ज्यांची मुलं काचेच्या पेटीत ठेवायला नेतात त्या बायका पहिले काही तास असाच काहीतरी आवाज करतात. त्यांना बाई ठणकावून सांगायच्या, "गप पड. रडून दूध आटेल." इथे कुणाला काय सांगणार? दूध आटावं म्हणूनच तर दार लावलं होतं.

"खा गं," बाई म्हणाल्या. "खा, बाई माझी."

पहिला पूर्ण दिवस तिने तोंड लावलं नाही. संध्याकाळी पिल्लं परत आली तेव्हा पाच तोंडं एकदम तिला लुचली आणि ती भिंतीला टेकून उभ्याउभ्या डोळे मिटत राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. एकोणतीस वर्षांत त्यांनी आईच्या आजारपणात दोन दिवस घेतले होते, त्यानंतर हीच. मोठ्या सिस्टरांनी अर्जावर कारण वाचलं, 'घरात बाळंतीण', आणि काही न विचारता सही केली.

दुपारी, बाई फरशीवर मांडी घालून हातावर एकेक घास पुढे करत बसलेल्या असताना, तेरा नंबरने पहिला घास घेतला. मग दुसरा. मग ताटलीतच तोंड घातलं आणि सगळं संपवलं. बाईंनी पुढे केलेला हात तसाच ठेवला. हलल्या तर बिघडेल असं त्यांना वाटत होतं.

कुत्री उठली. दाराशी गेली. फट हुंगली. मग तिचं पोट आत ओढलं गेलं.

"नको," बाई म्हणाल्या. "नको ना गं."

एकदा, दोनदा. मान खाली झाली आणि सगळं खाल्लेलं दाराच्या फटीशी, उंबऱ्याला लागून, जमिनीवर आलं. तिने ते नाकाने हळूच फटीकडे ढकललं. एक-दोन शितं पलीकडे गेली. मग ती मागे सरकून बसली आणि वाट बघू लागली.

बाईंनाही उठता येईना. फडकं हाताशी होतं. पुसलं तर तेवढंही गेलं. दार उघडलं तर पिल्लं येतील, आणि मग सगळंच त्यांच्या पोटात. डॉक्टरला फोन करावा, तर त्याने सांगायचं ते सांगून टाकलं होतं. पलीकडून क्वार्टरमधून एखाद्या पिल्लाचा बारीक आवाज यायचा, कुत्रीचे कान उभे व्हायचे, परत पडायचे. बाई काहीही करू शकत नव्हत्या, म्हणून बसून राहिल्या. कुत्रीसारख्याच दाराकडे बघत.

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. कुणी आलं नाही. तेरा नंबर उठली, त्या भाताभोवती एक फेरी मारली, परत एकदा फटीला नाक लावलं. मग मान खाली घातली आणि हळूहळू, एकेक शीत करत, टाकलेलं परत खाऊ लागली.

बाईंनी तोंड फिरवलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी वॉर्डात काय काय पाहिलं होतं, हे बघवेना. पण कानांनी त्या ऐकत राहिल्या, जीभ फरशीवर घासायची थांबेपर्यंत. मग कुत्री येऊन त्यांच्या मांडीला पाठ लावून पडली. या वेळी पोट आत ओढलं गेलं नाही. बाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

दाराबाहेर नवऱ्याच्या चपला वाजल्या. हळूच, फटीतूनच तो म्हणाला, "अगं, खाल्लं का तिने?"

"खाल्लं," बाई म्हणाल्या. "दोनदा."